मंद आचेची धुरी : भट्टीच्या पंख्याची हवा कशी बेतावी



शेततळ्यात कटला, रोहू, चिलापी, पंगस असे मासे वाढवणारे शेतकरी आता अनेक गावांत आहेत. मासा वाढवणे जमते. खरी अडचण येते ती काढणीच्या दिवशी. जाळे ओढले की एकाच दिवशी भरपूर मासा निघतो. बर्फ असतो मोजका. व्यापारी हे ओळखून असतो, आणि दुपार टळली की तो पडेल भाव सांगतो. मासा म्हणजे काही ज्वारी नव्हे की आज नाही विकली तर पोत्यात भरून ठेवली. उन्हाळ्यात चार तासांत त्याची प्रत जाते. अशा वेळी त्यातला थोडा मासा धुरी देऊन विकता आला, तर निदान तेवढ्या मालापुरते तरी आपण भाव सांगू शकतो.

धुरी देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. बियाण्याची मक्याची कणसे आपण चुलीच्या वर टांगून ठेवतो. जंगलपट्ट्यात चुलीवर जाळी बांधून त्यावर मासे वाळवण्याची रीत जुनीच आहे. पण विकायचा माल चुलीच्या भरवशावर करता येत नाही. एक खेप चांगली उतरते, दुसरी करपते, तिसरी कडू होते. म्हणून आता काही ठिकाणी पेलेटवर चालणारी, पंखा लावलेली भट्टी वापरायचा विचार होतो आहे. आजच्या भाषणात या भट्टीचा पंखा कसा लावावा, हवा किती द्यावी, एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. गोष्ट छोटी वाटते, पण सगळी खेप तिच्यावर अवलंबून असते.

फुंकणी काय शिकवते

चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट ठाऊक असते. लाकूड नुसते धुमसत असले की घरभर धूर होतो. फुंकणीने दोन फुंकरा घातल्या की भक्कन जाळ उठतो आणि धूर नाहीसा होतो. असे का होते? धूर म्हणजे न जळलेले जळणच आहे. लाकूड तापले की त्यातून वाफा निघतात. हवा पुरेशी मिळाली तर त्या वाफा पेट घेतात, त्याचा जाळ होतो. हवा कमी पडली तर त्याच वाफा धूर होऊन बाहेर पडतात.

आता माशाला धुरी द्यायची तर धूर हवा, आणि आच मात्र मंद हवी. म्हणजे जाळ फार नको. पण आग विझूनही चालणार नाही. या दोन टोकांच्या मधली जागा धरून ठेवायची, हेच पंख्याचे काम. पंखा म्हणजे न थकणारी फुंकणी समजा. गुऱ्हाळात गुळव्याचे लक्ष जसे काहिलीइतकेच चुलवाणावर असते, तसे इथे आपले लक्ष हवेवर असले पाहिजे.

भट्टीची ओळख

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या. दिसायला गोळीपेंडीसारख्या. तेलाचे भाव भडकल्यानंतरच्या काळात अमेरिकेत घर उबदार ठेवण्यासाठी पेलेटच्या शेगड्या आल्या. पुढे १९८०च्या दशकात ऑरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी त्याच तत्त्वावर अन्न भाजण्याची व धुरी देण्याची भट्टी बनवली. १९८६ साली तिचे पेटंट मिळाले. आपल्याकडेही पंखा लावलेली पेलेटची शेगडी अगदीच अपरिचित नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बनलेली अशी शेगडी २००६ नंतर काही वर्षे महाराष्ट्र व कर्नाटकातल्या खेड्यांत विकली गेली होती.

भट्टीचे मुख्य भाग असे. एका बाजूला पेलेटची टाकी. टाकीच्या तळाशी फिरणारे मळसूत्र. ते थोडे थोडे पेलेट पुढे ढकलते. पुढे भोके असलेली लोखंडी वाटी. आग हिच्यात असते. वाटीच्या भोकांतून हवा देणारा छोटा पंखा, म्हणजे ब्लोअर. वर किंवा शेजारी धुरी-पेटी, जिच्यात जाळ्यांवर मासे ठेवायचे. आणि शेवटी धुराडे. चांगल्या भट्टीत पंख्याच्या नळीला दोन फाटे असतात. एक फाटा आगीच्या वाटीकडे जातो, दुसरा आगीला न शिवता सरळ पेटीत गार हवा सोडतो. दोन्ही फाट्यांवर पत्र्याची सरकती झडप असते. तुम्ही भट्टी बनवून घेणार असाल तर हा दुसरा फाटा आवर्जून करून घ्या. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

पंखा तीन कामे करतो

पहिले काम आगीला हवा देण्याचे. एक किलो लाकूड पुरते जळायला साधारण सहा किलो, म्हणजे पाच घनमीटरच्या आसपास हवा लागते. मंद आचेवर छोट्या भट्टीत तासाला पाव ते अर्धा किलो पेलेट जळते, असे धरले तर नुसत्या जळण्यासाठी तासाला सव्वा ते अडीच घनमीटर हवा पुरे होते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. बाजारात मिळणारा छोटासा ब्लोअरही यापेक्षा कितीतरी जास्त हवा फेकतो. म्हणून झडप पूर्ण उघडी ठेवून मंद धुरी होतच नाही.

दुसरे काम ऊब आणि धूर पेटीत सगळीकडे नेण्याचे. हवा हलली नाही तर वरच्या जाळीवरचा मासा शिजतो आणि कोपऱ्यातला कच्चा राहतो.

तिसरे काम ओल बाहेर नेण्याचे. माशातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. ती वाफ धुराड्यातून निघून गेली नाही, तर माशावर दव धरते. त्या दवात धूर विरघळतो, मग काळपट ओघळ उतरतात आणि चव कडवट होते.

म्हणजे पहिल्या कामाला हवा थोडीच पुरते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला जास्त लागते. दुसरा फाटा असतो तो याचसाठी. आगीला थोडी हवा, पेटीला भरपूर हवा.

जळण कमी करा, हवा कोंडू नका

आता मुद्द्याची गोष्ट. पेटी जास्त तापली की आपला हात आधी कुठे जातो? हवेच्या झडपेकडे. हवा बंद केली की काटा खाली येतो, आणि आपल्याला वाटते, काम झाले. पण आत काय होते ते पाहा. मळसूत्र पेलेट टाकतच असते. वाटीत ढीग साचतो. हवा नाही म्हणून तो ढीग धुमसतो आणि पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतो. या धुरात डांबरासारखा चिकट अंश असतो. तो माशावर बसतो, जिभेला चरचरतो, आणि असा मासा गिऱ्हाईक एकदाच घेते. याहून वाईट म्हणजे ढीग मागे मळसूत्राच्या तोंडापर्यंत आला, तर आग हळूहळू टाकीकडे सरकू शकते.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आच कमी करायची तर आधी जळण कमी करायचे. मग हवा त्या जळणाला बेताची करायची. धुराडे मात्र कधीच झाकायचे नाही. हवा आवरायची ती आत येण्याच्या वाटेवर, बाहेर जाण्याच्या वाटेवर नव्हे.

जळण कमी करणे म्हणजे मळसूत्राचा थांबा वाढवणे. मळसूत्र सतत फिरत नाही. थोडे फिरते, थोडे थांबते. उदाहरणार्थ, १५ सेकंद फिरते आणि ६५ सेकंद थांबते. थांबा ८५ किंवा १०५ सेकंदांचा केला की तेवढ्या वेळात कमी पेलेट पडते, आच उतरते. मात्र फार लांब थांबा दिला तर पुढची कांडी पडायच्या आत आधीची राख होते आणि आग विझते. त्यामुळे थांबा एकेक पायरीने वाढवा.

एक गोष्ट पाहून घाबरू नका. नवे पेलेट पडले की क्षणभर जास्त धूर येतो, मग जाळ धरतो, मग पुन्हा मंद होतो. त्याप्रमाणे काटाही पाच-दहा अंश वर-खाली होत राहतो. ही भट्टीची चालच आहे. प्रत्येक हेलकाव्यामागे झडप हलवत बसलात तर आग कधीच स्थिर होणार नाही. दहा-पंधरा मिनिटांत काटा कुठून कुठे हलला, त्याचा मध्य काढा आणि त्यावरून ठरवा.

धुराचा रंग वाचा

तापमापक पेटीतली ऊब सांगतो. आग कशी जळते आहे हे धुराड्याच्या तोंडचा धूर सांगतो.

विरळ, निळसर, पलीकडचे झाड दिसेल असा धूर आणि गोड वास : हवा बरोबर आहे. काही हलवू नका.

दाट पांढरा, रेंगाळणारा धूर, डोळे चुरचुरतात : आगीला हवा कमी पडते, किंवा पेलेट ओले आहे, किंवा वाटीत राख साचली आहे. आधी वाटी पाहा, मग वाटीकडची झडप थोडी उघडा. भट्टी पेटवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे असा धूर येणारच. तो ओसरल्याशिवाय मासे आत ठेवू नका.

काळा, काजळी धरणारा धूर : जळण जास्त झाले, किंवा माशाचे तेल आगीवर टपकते आहे. जळण कमी करा आणि तेल झेलायचे तबक नीट बसवा. असल्या धुराने अन्नावर जे अंश बसतात ते तब्येतीला घातक असतात.

धूर दिसतच नाही, वाटीत पिवळा जाळ, पंख्याचा आवाज मोठा : हवा जास्त झाली. झडप जरा आत सरकवा.

याला जोड म्हणून हाताखाली एक पांढरी बशी ठेवा. दहा मिनिटे ती वरच्या जाळीवर ठेवून काढा आणि बोट फिरवा. फिकट सोनेरी छटा आली तर ठीक. काळा किंवा चिकट डाग पडला तर मासा आत ठेवण्याआधी आग सुधारा.

पहिली फेरी रिकामीच चालवा

नवी भट्टी आणली की लगेच मासे ठेवायची घाई करू नका. एक दिवस रिकामी चालवा. दोन-तीन किलो पेलेट खर्ची पडेल, पण तेवढ्यात भट्टीचा स्वभाव कळेल. झडपेवर रंगाने चार खुणा करा : पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. एक वही घ्या. तीत पाच रकाने पाडा : वेळ, मळसूत्राचा थांबा, आगीकडची झडप, गार हवेची झडप, पेटीतली उष्णता. शेवटी धुराचा रंग लिहा.

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पंधरा मिनिटे थांबा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. खताची चाचणी घेताना आपण एका वाफ्यात एकच खत बदलतो ना, तसेच हे.

तापमापक माशाच्या जाळीच्या उंचीवर लावा. पेटीच्या दारावरच्या काट्यावर विसंबू नका; दारापाशी आणि आत बराच फरक असतो. डाव्या-उजव्या बाजूंनाही मोजून पाहा. फरक जास्त असेल तर आगीच्या वर एक आडवा पत्रा बसवून ऊब दोन्हीकडे वाटली जाते.

आणखी एक. अनेक गावांत संध्याकाळी मोटारी आणि दिवे एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडते. पंखा मंदावतो आणि दुपारी बरोबर असलेली झडप संध्याकाळी कमी पडते. हे वहीत दिसून येईल. तसेच वारा. धुराड्याच्या तोंडावर वारा येत असेल तर धूर उलटा फिरतो. भट्टी आडोशाला ठेवा आणि धुराड्यावर टोपी बसवा. पंख्याला घरच्या छताच्या पंख्याचा रेग्युलेटर परस्पर जोडू नका. सगळ्या मोटारींना तो चालत नाही, मोटार तापते. पत्र्याची झडप साधी, स्वस्त आणि बिनधोक.

मासा तयार करणे

मासा ताजाच हवा. उतरत्या मालाला धुरी दिली तर वास झाकला जातो, मासा सुधारत नाही. मासा काढल्याबरोबर बर्फात घाला. खवले, कल्ले, पोटातली घाण काढून स्वच्छ पाण्याने धुवा. मोठा मासा असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे सारखे तुकडे करा. पंगससारखा तेलकट मासा धुरीला चांगला. रोहू-कटल्यात काटे जास्त, पण पोटाकडचे जाड तुकडे छान उतरतात.

मिठवणी अशी करा : एक वाटी मीठ, सात वाट्या पाणी. तुकडे त्यात गारव्याला तासभर बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यातून काढून निथळा. मीठ केवळ चवीसाठी नसते, ते जंतूंना आवर घालते. म्हणून अंदाजाने कमी करू नका. एकदा वापरलेली मिठवणी पुन्हा वापरू नका.

तीन टप्पे, तीन प्रकारची हवा

पहिला टप्पा, कोरडे करणे. पेटी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, अर्धा ते एक तास. जळण अगदी कमी, आगीकडची झडप अर्धी, गार हवेची झडप पूर्ण उघडी, धुराडे पूर्ण उघडे. इथे धूर नको, वारा हवा. माशावर चकचकीत, बोटाला जरा चिकट लागणारी पातळ साय धरली की हा टप्पा झाला. ही साय नसेल तर धूर नीट बसत नाही आणि पुढे माशातला रस पांढरा होऊन बाहेर येतो.

दुसरा टप्पा, धुरी. पेटी ५० अंशांच्या आसपास, पाऊण ते एक तास. आता आगीकडची झडप पावाजवळ आणा, गार हवेची अर्धी. निळसर धूर दिसला पाहिजे. मंद आगीतही पेलेटचा धूर कमी पडत असेल, तर भोके पाडलेल्या लोखंडी नळीत किंवा डब्यात मूठ-दोन मूठ पेलेट घालून एका टोकाला पेटवा, जाळ विझवून ते धुमसत ठेवा आणि पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. ही नळी बराच वेळ एका चालीने धुमसते. त्यामुळे धुरासाठी मुख्य आग कोंडावी लागत नाही. नळीवर पंख्याचा सरळ झोत मात्र येऊ देऊ नका, नाहीतर ती पेट घेते.

तिसरा टप्पा, शिजवणे. आता मळसूत्राचा थांबा कमी करून जळण वाढवा, आगीकडची झडप पाऊणपर्यंत उघडा, गार हवा बंद करा. पेटी ८० ते ९० अंशांवर न्या. सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यभागी सुईचा तापमापक टोचा. तिथे ६५ अंश आले पाहिजेत आणि पुढे सलग अर्धा तास ते ६३ च्या खाली जाता कामा नयेत. वरून रंग सोनेरी आला म्हणजे आतून शिजला, असे समजू नका. रंग धुराचा असतो, उष्णतेचा नसतो.

झडपेच्या या खुणा सुरुवातीपुरत्या आहेत. प्रत्येक भट्टी वेगळी. तुमच्या वहीत जे उतरेल तेच तुमच्या भट्टीचे खरे मोजमाप.

तयार भट्टीला गार हवेचा फाटा नसेल आणि ती ८० अंशांच्या खाली उतरतच नसेल, तर मासा सावलीत, माशा बसणार नाहीत अशा जाळीखाली, टेबलफॅनच्या वाऱ्यावर कोरडा करून घ्या आणि धुरी नळीवर द्या. मुख्य आग शेवटच्या टप्प्याला पेटवा.

आता सर्वांत महत्त्वाचा इशारा. काही जण म्हणतील, मंद आच चांगली ना, मग सबंध दिवस मंदच ठेवू. तसे करू नका. कोमट पेटी म्हणजे जंतूंना उबवण्याची पेटीच. ५ ते ६० अंश ही त्यांच्या वाढीची उष्णता. मासा पेटीत गेल्यापासून सहा तासांच्या आत शेवटचा टप्पा पूर्ण झालाच पाहिजे. थंड देशांत मासा न शिजवता, ३० अंशांच्या खाली नुसती गार धुरी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे बाहेरची हवाच त्याहून गरम असते. ती पद्धत आपल्यासाठी नाही.

जळण कोणते

बाजारात मिळणारे सगळे पेलेट अन्नाला चालत नाहीत. बॉयलरसाठी बनवलेले पेलेट पऱ्हाटी, सोयाबीनचा भुसा, तुरकाट्या, शेंगांची टरफले कशाचेही असते. त्यावर फवारणीचे औषध राहिलेले असू शकते. प्लायवूड, रंगवलेले लाकूड, पॉलिश केलेल्या फळ्या यांचा भुसा तर विषच. चीड-देवदारासारख्या राळ असलेल्या लाकडाने काजळी धरते. घेताना स्पष्ट विचारा : भुसा कशाचा आहे? आंबा, बाभूळ, जांभूळ, पेरू अशा टणक, स्वच्छ लाकडाचाच भुसा असेल तर घ्या. उत्तर मिळाले नाही तर घेऊ नका.

पेलेटला पाण्याचे वावडे आहे. ओल लागली की कांडी फुगून भुसा होतो, मळसूत्र अडकते, धूर पांढरा येतो. झाकण घट्ट बसणाऱ्या पिंपात ठेवा. पावसाळ्यात टाकीत रात्रभर पेलेट ठेवू नका. कांडी मोडून पाहा. चटकन आवाज होऊन तुटली तर कोरडी, वाकली किंवा चुरली तर बाद.

वीज गेली तर

पंखा विजेवर चालतो, आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. पंखा थांबला की आगीची हवा तुटते, वाटीतले पेलेट धुमसत राहते. म्हणून बॅटरीवर चालणारा पंखा मिळाला तर उत्तम. नाहीतर टाकीत एका वेळी एक-दोन तासांपुरतेच पेलेट घाला. वीज गेली की चिमट्याने वाटीतले निखारे काढून झाकणाच्या लोखंडी बादलीत, उघड्यावर ठेवा. टाकीला हात लावून पाहा. गरम लागत असेल तर पेलेट बाहेर काढा.

वीज आली की तशीच भट्टी सुरू करू नका. वाटीत न जळलेल्या पेलेटचा ढीग असेल आणि पेटीत धूर कोंडला असेल, तर पेटताना भडका उडतो. दार उघडून धूर जाऊ द्या, वाटी रिकामी करा, मग पहिल्यासारखी पेटवा. मासा अर्धवट राहिला असेल तर घड्याळ पाहा. सहा तासांत शिजवून होत असेल तरच पुढे न्या. लवकर वीज येणार नसेल तर मासा लगेच कढईत शिजवून घरी वापरा. विक्रीला ठेवू नका.

जिवाची काळजी

ही भट्टी घरात, गोठ्यात, बंद शेडमध्ये कधीही लावू नका. धुमसणाऱ्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. हवा कोंडलेल्या आगीतून हा वायू जास्त निघतो. पाऊस आला म्हणून भट्टी ओसरीत ओढू नका. चारही बाजू मोकळ्या असलेले पत्र्याचे छप्पर करा. कडब्याची गंजी आणि गवताचे छप्पर दूर असू द्या. शेजारी पाण्याची नव्हे, कोरड्या वाळूची बादली ठेवा, कारण तेलाचा भडका पाण्याने पसरतो.

प्रत्येक खेपेनंतर, भट्टी थंड झाल्यावर, वाटीतली राख काढा आणि तिची भोके तारेने मोकळी करा. निम्मी भोके बुजली तर झडप पूर्ण उघडूनही हवा पोहोचत नाही. पंख्याची पाती, धुराडे आणि तेलाचे तबकही पुसा.

साठवण आणि विक्री

धुरी दिलेला मासा म्हणजे खारवलेला सुका मासा नव्हे. तो महिना महिना बाहेर टिकत नाही. निवल्यावर लगेच फ्रीजमध्ये, तीन अंशांच्या आसपास ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. हवाबंद पिशवीत भरून बाहेर ठेवणे तर फारच धोक्याचे. हवा नसलेल्या जागी काही जंतू विष तयार करतात आणि ते वासावरून कळत नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवा, मग तेवढीच खेप करा. विक्री करायची तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्या. बचत गटाने मिळून एक भट्टी घेतली, तर वही ठेवणे, आगीकडे पाहणे, मासा साफ करणे ही कामे वाटून घेता येतात. आगीकडे मात्र एकाच बाईने किंवा एकाच माणसाने पाहावे. दहा हातांनी झडप हलली तर आग बिघडते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. आच उतरवायची तर आधी जळण कमी करा, मग हवा बेताची करा.
२. धुराडे कधीही झाकू नका.
३. निळसर विरळ धूर चांगला. पांढरा दाट किंवा काळा धूर वाईट.
४. एका वेळी एकच बदल, मग पंधरा मिनिटे वाट.
५. माशाच्या मध्यात ६५ अंश, मग अर्धा तास ६३ च्या वर. सगळे काम सहा तासांच्या आत.
६. भट्टी नेहमी उघड्यावर.

आपापल्या मंडळात चर्चा करा

१. पेटी जास्त तापली असता नुसती हवा बंद केली तर कोणते तीन तोटे होतात?
२. धूर पांढरा येत असेल तर झडपेला हात लावण्याआधी काय पाहाल?
३. आपल्या गावात वीज किती वेळ जाते, आणि ते पाहता टाकीत एका वेळी किती पेलेट घालावे?

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, मासा तुमचा, तळे तुमचे, मेहनत तुमची. सहा महिने सांभाळलेला माल शेवटच्या सहा तासांत आगीच्या हवाली करायचा असतो. त्या सहा तासांत धुराकडे डोळा, काट्याकडे नजर आणि झडपेवर हलका हात ठेवा. पहिली खेप लहानच करा, दोन-चार किलोंची. ती घरी खाऊन पाहा, शेजाऱ्याला द्या, आणि वहीत काय लिहिले ते पुन्हा वाचा. मग मोठी खेप घ्या.